खरडलेली सत्तावीस घरं

बाबा,

तुमच्यावर मी इतकी चिडले आहे की गेला महिनाभर ऑफिसात कुणाशी धड बोललेले नाही. घरी येते, कूलर लावते आणि भिंतीशी भांडते. भिंतीशी भांडून काही हाती लागत नाही, म्हणून आज सकाळी पोळ्या टाकायच्या सोडून कागद घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत तुमच्याबद्दल वाकडं बोललेला एक माणूस मला या गावात भेटलेला नाही. मागच्याच महिन्यात तुमच्या वेळचे शिपाईकाका ऑफिसात पेन्शनच्या कामाला आले होते. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "बाबूजी म्हंजे एकदम सरय रेघ होते, बाई." सरळ रेघ! मी त्यांना चहा पाजला आणि त्यांच्या अर्जावर सही करून दिली. त्याच्या आदल्या दिवशीच मी तुमचं काम खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं होतं.

आधी काय चाललं आहे ते सांगते. तुमचाच धंदा आहे, तुम्हाला लगेच कळेल. गावाबाहेरची ती धावपट्टी आठवते ना, जिथं विमानं कमी आणि गाई जास्त असायच्या? तिथं आता मोठा विमानतळ करायचा आहे. नुसता विमानतळ नाही, त्याच्याभोवती अख्खं नवं शहर. गोदामं, शीतगृहं, हॉटेलं, माल चढवायची-उतरवायची केंद्रं, ट्रक उभे करायला तळ. पुण्याहून सल्लागार कंपनीची पोरं येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, आणि दर तिसऱ्या वाक्याला म्हणतात की विमानतळ हे या भागाच्या अर्थव्यवस्थेचं इंजिन असणार आहे. चित्रांत काचेच्या इमारती आहेत, इमारतींपुढे ताडाची झाडं आहेत. यवतमाळात मे महिन्यात त्या काचेमागं बसणाऱ्याची काय भाजी होईल, हे विचारायची सोय नाही. मला विमानतळ नको आहे असं समजू नका. आपल्याकडची शिकलेली पोरं नागपूर-पुण्याची वाट धरतात आणि परत येत नाहीत, माझी स्वतःची मुलगी त्यातलीच. काम इथं यावं असं मलाही वाटतं. म्हणून हा आराखडा माझ्याकडे आला तेव्हा मी आनंदानं घेतला. तुम्ही जिथं आरेखक म्हणून वाकून बसायचात त्याच इमारतीत मी अधिकारी होऊन आले, आणि तुमच्याच धावपट्टीचा नकाशा माझ्या हाती आला, याचा मला अभिमान वाटला होता. आता तो अभिमान आठवला की अंगावर काटा येतो.

असा आराखडा करताना पहिल्यांदा आज कुठं काय आहे त्याचा नकाशा करावा लागतो. पिवळी ती घरं, निळा तो बाजार, जांभळे ते कारखाने. जिथं काही नाही ते पांढरं. आणि नियम असा ठरला आहे की मागच्या मंजूर नकाशात जे दिसतात ते जुने रहिवासी. त्यांना नव्या शहरात जागा द्यायची, दुकान असेल तर दुकानाला जागा द्यायची. मागच्या नकाशात जे दिसत नाहीत ते नंतर येऊन बसलेले, म्हणजे अतिक्रमण. त्यांना नोटीस आणि जेसीबी. नियम वाईट नाही. कुठंतरी रेघ ओढावी लागते. फक्त ती मागची रेघ तुमच्या हातची होती.

आणि तुमच्या त्या नकाशात, धावपट्टीच्या दक्षिणेला, जिथं गॅरेजवाल्यांची टिनलाइन वस्ती आहे, तिथं पांढरं आहे. दगड नाही, झुडूप नाही. टिनलाइन कशी असेल पांढरी, बाबा? तुमची स्कूटर दर दोन महिन्यांनी कुठं दुरुस्त व्हायची?

मला स्वयंपाकघरातला तो रविवार दिसतो. दर रविवारचं हे असंच. तुम्ही पाटावर बसून शाईची पेनं धुताय. एकेक निब सुटी करून गरम पाण्यात, आणि पाणी आईच्या चहाच्या पातेल्यात. आई ओरडते आहे, "अजी, दुसरा गंज सापडत नाही का तुमाले? आता त्याच्यात चहा करू का शाई करू?" तुम्ही हसताय, पण निब सोडत नाही. शेजारी निळसर ट्रेसिंगच्या कापडाचा तुकडा पडलेला आहे. असं वाया गेलेलं कापड आई रात्रभर भिजत घालायची, खळ निघून गेली की खालून मलमलीसारखं सूत निघायचं, आणि त्याचे माझे परकर व्हायचे. मी चौथीत असेपर्यंत सरकारी नकाशे नेसून हिंडले आहे. त्या तुकड्यावर तुम्ही मला चूक कशी काढायची ते शिकवलं होतं. अर्धं ब्लेड, आडवं धरायचं, दाबायचं नाही, शाईचा थर तेवढा उचलायचा. मग त्या जागेवर संगजिऱ्याची पूड चोळायची, म्हणजे पुन्हा रेघ ओढली तर शाई पसरत नाही. "छापील प्रतीत काहीच दिसत नाही," तुम्ही म्हणालात, "पण उजेडात धरलं का कापड खरं बोलते."

आणि सातवीतला तो उन्हाळा. शाळेनं आपापल्या मोहल्ल्याचा नकाशा काढून आणायला सांगितलं होतं. मी झकास काढला. नाल्याच्या कडेची मोकळी जागा बोडकी दिसत होती, म्हणून तिथं बगीचा काढला, फुलझाडं, बाक, कारंजं. तुम्ही पाहिलात आणि तुमचा चेहरा बदलला. "हा बगीचा कुठी हाय? दाखव मले." माझा दंड धरून तुम्ही मला भर दुपारी नाल्यापर्यंत चालवत नेलंत. पायात चप्पलही घालू दिली नाहीत. उकिरड्यासमोर उभं केलंत. "काय दिसते?" मी रडत म्हटलं, उकिरडा. "मंग उकिरडा काढ. काहून खोटं काढते? तुया नकाशा पाहून उद्या कोणी लहान लेकरू इथं खेयाले आलं तं?" घरी कढी-गोळे झाले होते. नकाशा पुन्हा पूर्ण होईपर्यंत मला ताट मिळालं नाही. आई मध्ये पडली तर तिलाही बोललात. मला तेव्हा तुमचा राग आला होता, पण नंतर आयुष्यभर मी ही गोष्ट लोकांना कौतुकानं सांगितली. माझ्या हाताखालच्या पोरांना सांगितली. मागच्या वर्षी एका प्रशिक्षणात, साठ माणसांसमोर, माइक हातात घेऊन सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या परत करता आल्या असत्या तर केल्या असत्या.

कारण टिनलाइन तुम्हाला माहीत होती. मलाही माहीत होती, तुमच्या स्कूटरच्या पुढच्या जागेत उभी राहून मी तिथं गेले आहे. रस्त्याला लागून टिनाच्या शेडांची रांग, मागं घरं, मध्ये विहीर, एका कोपऱ्यात छोटी मशीद. ट्रकांचे स्प्रिंग, ट्रॅक्टरचे पिस्टन, पाणी काढायची इंजिनं, काहीही न्या, दुरुस्त होऊन मिळायचं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांचे ट्रकही तिथंच यायचे, अजून येतात. तुम्ही ज्यांना मिस्त्री म्हणायचात आणि आता सगळं गाव ज्यांना चाचा म्हणतं, ते तेव्हा तिशीचे असतील. ग्रीसचे हात कोपरानं पुसून ते तुमच्यासाठी चहा सांगायचे, माझ्यासाठी ग्लासात दूध. एकदा तुम्ही वळणावर स्कूटरवरून पडलात आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हा ट्रॉलीत गादी टाकून तुम्हाला दवाखान्यात कुणी नेलं होतं? डोक्याखाली त्यांच्या बायकोची उशी होती. आईनं ती उशी धुऊन, नवा अभ्रा घालून परत पाठवली होती. या लोकांना तुम्ही पांढरं केलंत.

नोटिसा लागल्यावर टिनलाइनवाल्यांनी हरकती दाखल केल्या. सत्तेचाळीस अर्ज, सगळे एकाच टाइपवाल्याकडून टाइप केलेले. आम्ही तीन पिढ्यांपासून इथं आहोत, असं प्रत्येकात लिहिलेलं. पण पुरावा काय? घरपट्टी कधी लागली नाही, कारण नकाशात घरच नाही. विजेचे मीटर अलीकडचे. रेशन कार्डावर पत्ता जुन्या मोहल्ल्यातला, भावाच्या नाही तर काकाच्या घरचा. सल्लागारांच्या पोरानं लॅपटॉप फिरवून मला स्कॅन केलेला जुना नकाशा दाखवला, "मॅम, बघा, क्लिअर व्हेकंट." त्या जागेवर त्यांनी ट्रकतळ दाखवला होता. विमानतळाभोवती उद्योग वाढवायचा, असं त्या अहवालात पानोपानी लिहिलेलं आहे, आणि तिथं आधीपासून चालू असलेला एकुलता एक उद्योग उचलून तिथं ट्रक उभे करायचे. ते ट्रक बिघडले तर दुरुस्त कोण करणार, हे अहवालात शोधून पाहा, सापडणार नाही.

मी त्या दिवशी तुमची बाजू घेतली. खरं सांगते, मनात म्हटलं, बाबा तिकडं मोजायला गेले नसतील, पाऊस असेल, साहेबानं घाई केली असेल, जे पाहिलं नाही ते त्यांनी सोडून दिलं असेल. तुम्हाला सोडवायला म्हणूनच मी रेकॉर्ड रूममध्ये गेले. तिथले सगळे जुने नकाशे आता स्कॅन झाले आहेत आणि मूळ प्रती नष्ट करायच्या आहेत. त्या यादीवर माझीच सही व्हायची आहे. गठ्ठा सोडला. तुमचं कापड निघालं, अजून तसंच निळसर, कडेला उंदरानं कुरतडलेलं, कोपऱ्यात तुमची दोन आद्याक्षरं. टेबलावर पसरून पाहिलं तर दक्षिणेला पांढरं. पण त्या पांढऱ्याला तकाकी नव्हती. बाकी सगळं कापड चकचकीत आणि तेवढा तुकडा मलूल. मी कापड उचललं आणि खिडकीला लावलं.

सत्तावीस घरं होती, बाबा. मी तीनदा मोजली. विहिरीचा गोल होता, मशिदीची खूण होती, रस्त्याकडच्या शेडांची सलग रांग होती. सगळ्यांवरून ब्लेड फिरलेलं. आडवं धरून, न दाबता, कापडाचा एक धागा न तोडता. वर संगजिरं चोळलेलं. इतकं सुबक काम तुमच्याशिवाय कुणाचं असणार? तुम्ही गेला नव्हता असं नाही. तुम्ही गेलात, मोजलंत, काढलंत, आणि मग बसून एकेक घर उचललंत. मी खाली फरशीवर बसले. शिपाई धावत आला, "म्याडम, गरमी लागली का?" मी म्हटलं हो.

हरकतींच्या सुनावणीला मी ते कापड घेऊन गेले. तेवढी मी तुमची मुलगी आहे. समितीचे अध्यक्ष नागपूरचे निवृत्त अधिकारी, शांत, सभ्य गृहस्थ. त्यांनी कापड उजेडात धरलं, चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं. समोरच्या बाकांवर टिनलाइनची माणसं बसली होती, पहिल्या रांगेत चाचा, पांढरी टोपी, हातात काठी. अध्यक्ष म्हणाले, "यात काहीतरी खोडलेलं आहे हे दिसतंय. पण कुणी खोडलं, केव्हा? उद्या कुणीही येऊन म्हणेल की मागच्या महिन्यात कुणीतरी काढून खोडलं. हे काम कुणाच्या हातचं आहे, सांगू शकता?" माझ्याकडे पाहूनच विचारलं. मी अधिकारी, कापड माझ्या ताब्यातलं. एवढंच बोलायचं होतं, की हो सर, माझ्या वडिलांच्या हातचं. मी म्हटलं, "माहीत नाही, सर."

तोंडातून निघून गेलं. माझ्या हाताखालची दोन कंत्राटी पोरं शेजारी बसली होती, त्यांना मी उकिरड्याची गोष्ट सांगितलेली. अध्यक्षांनी पुढची तारीख दिली. म्हणाले, हस्ताक्षर ओळखणारं कुणी मिळालं तर बघू, नाही तर हे नुसतं जुनं कापड आहे. चाचा काठी टेकत आपल्या माणसांबरोबर बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ते ऑफिसात आले, काठी टेकत, दोन जिने चढून. मी खुर्ची दिली. बसले नाहीत. म्हणाले, "थे कापड मले दाखवता का, बाई? काल लांबून नीट दिसलं नाही." मी त्यांना रेकॉर्ड रूममध्ये नेलं आणि खिडकीला कापड धरलं. त्यांचं बोट हळूहळू फिरलं आणि एका चौकोनावर थांबलं. "हे आमचं. दार रोडकडं. पाहा, बाबूजीनं पडवी पण काहाडली होती." मग शेजारचं घर कुणाचं, त्याच्या मागचं कुणाचं, विहिरीपाशी कोण राहायचं, एकेकावर बोट ठेवून सांगत गेले. त्यातले कोण वारले, कोण हैदराबादला गेले तेही सांगितलं. मी विचारलं, "चाचा, बाबा तेव्हा तिथं मोजायला आले होते?"

"आलते म्हंजे? तीन दिवस होते. फित्याचं एक टोक बाबूजीजवळ, एक माह्याजवळ. गॅरेज बंद ठेवून मी फिता धरला, बाई. जेवण आमच्याकडंच. जाताना म्हणाले, मिस्त्री, आता तुमी नकशात आले, आता कोणाचा बाप तुमाले उठवू शकत नाही." त्यांनी कापडाची कड सरळ केली. "तवापासून आमी निवांत. पोरं म्हणत, अब्बा, कागद करून घ्या. मी म्हणो, कायले? बाबूजीनं आपल्याले नकशात घेतलं हाय."

हे ऐकल्यापासून मला झोप नाही, बाबा. तुमच्या एका वाक्यावर ती माणसं एवढी वर्षं बसून राहिली. तुम्ही काही न बोलता खरडलं असतं तर त्यांनी दारोदार हिंडून चार कागद तरी जमवले असते. आणि तुम्ही त्यानंतरही जात राहिलात. स्कूटर नेत राहिलात, चहा पीत राहिलात. घशाखाली कसा उतरला तो चहा?

मी चाचांना म्हटलं, "काल तुम्ही बोलला का नाहीत? हे बाबांचं काम आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती. "मी पाहून राह्यलतो, तुमी काय सांगता ते. तुमी 'माहीत नाही' म्हणाल्या ना, तवा मले समजलं का बाबूजीनं कसं केलं असंन." आणि काठी टेकत जिना उतरून गेले. मी पाणीही विचारलं नाही.

आता ती गोष्ट, जी तुम्ही-मी कधी काढली नाही. मी दहावीत होते. तुमची बदली पार गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंच्याला झाली होती. आईनं ट्रंका भरल्या होत्या, आणि मला फुलसावंगीला मामाकडे ठेवायचं ठरलं होतं. मामाकडे शाळा होती पण इंग्रजी-गणिताला मास्तर टिकत नव्हते. मी रोज रडायची. मग एका संध्याकाळी तुम्ही आलात आणि पायातल्या चपला न काढता म्हणालात, "बदली रद्द झाली." आईनं लगेच साजूक तुपातला शिरा केला. तुम्ही दोन घास खाल्लेत आणि म्हणालात, पोट भरलं. आम्हाला वाटलं, दमलात. त्या कापडाच्या कोपऱ्यात, तुमच्या आद्याक्षरांखाली, महिना आणि साल आहे. तेच साल, बाबा. शिरा झाला त्याच्या आधीचा महिना.

म्हणजे मी इथंच शिकले, डिप्लोमाला लागले, तुम्ही मला पेनांचा नवा कोरा संच घेऊन दिलात, मी अधिकारी झाले. कुणाच्या घरांवर उभी राहून झाले? आणि तुम्ही मला काही सांगितलं नाही. शेवटच्या आजारात सहा महिने बिछान्यावर होतात. मी रोज सकाळ-संध्याकाळ तुमच्याजवळ बसायची. पगाराचे, पेन्शनचे, कुठल्या साहेबानं कुणाची फाइल दाबली त्याचे, सगळे किस्से तुम्ही सांगितलेत. एवढी एक गोष्ट सांगता आली असती. मी ओरडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि मग त्या लोकांना जाऊन सांगितलं असतं की कागद करून घ्या. तेव्हा वेळ होता. तुम्ही सरळ रेघ होऊन मेलात आणि वाकडेपणा माझ्याकडे ठेवून गेलात.

मग मी टिपण लिहिलं, दुसऱ्या तारखेसाठी, समितीच्या नावे, दोन पानी. उत्तरेचा बाण काढायची तुमची पद्धत, पाचाचा आकडा, आद्याक्षरं, ब्लेडचं काम, सगळं लिहिलं. खाली लिहिलं की हे काम करणारे तत्कालीन आरेखक माझे वडील होत, पूर्ण नाव लिहिलं, नातं लिहिलं, सही केली. सुनावणीत ते मी स्वतः उभं राहून वाचलं. एकेक शब्द तोडून वाचला, तुमच्यावरच्या रागानं. कंत्राटी पोरं खाली पाहत होती. अध्यक्षांनी टिपण हातात घेऊन पुन्हा एकदा वाचलं, एका ओळीपाशी थांबले, मान हलवली, आणि म्हणाले की हे ग्राह्य धरायला हरकत नाही. सत्तावीस घरं जुनी वस्ती म्हणून नोंदवायची, बाकीच्यांची मोजणी करून ठरवायचं, ट्रकतळ दुसरीकडे सरकवता येतो का ते सल्लागारांनी पाहायचं. आता ते पाहतीलही आणि नाहीही, पण टिनलाइन नकाशात आली. पिवळी. मी स्वतः उभी राहून भरून घेतली. आणि नष्ट करायच्या यादीतून ते कापड मी काढून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात चाचा थांबले होते. लोक त्यांना मिठ्या मारत होते. मी जवळ गेले तसे ते बाजूला आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमी आत्ता वाचून दाखवलं, का बाबूजीनं साहेबाच्या सांगण्यानं खरडलं. थे तुमाले कोणं सांगतलं?"

मी टिपणाची प्रत घडी करून पर्समध्ये घातली. ते आपल्या माणसांकडे परत गेले.

अध्यक्ष ज्या ओळीपाशी थांबले होते ती हीच. "सदर खाडाखोड वरिष्ठांच्या तोंडी आदेशानुसार करण्यात आली." अशी ओळ आली की आपल्या खात्यात पुढे कुणी विचारत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, का बदलीसाठी तुम्ही आपणहून कुणाकडे गेलात आणि काय करू म्हणून विचारलंत, मला माहीत नाही. सांगणारं कुणी उरलेलं नाही. इतकी चिडलेली असताना, सगळं खरं लिहायचं ठरवून बसलेली असताना, ती ओळ मी माझ्या मनानं लिहिली. सिरोंच्याची बदली रद्द झाल्याचं लिहिलं नाही.